डिकीतला दहा इंची सब

१२ जाने., सोमवार

सकाळी नऊला पाटणकर काकांचा फोन. दुकानाचं शटर अजून अर्धंच वर गेलेलं. "वंदनाताई, रागावू नका हं, पण उजवीकडून अजून टोचतंय." रागावू नका म्हणून सुरुवात केली की माणूस रागावणारच ना! तिसरी वेळ आहे ही. एवढी मन लावून मी दुसरी कुठली गाडी केलेली नाही. दारातले स्पीकर मी निवडलेले, बारीक आवाजाचे ट्वीटर मी निवडलेले, डिकीत जाड आवाजाचा दहा इंची सब, म्हणजे सबवूफर, बंद पेटीत. फिटिंगला काकांनी गाडी एकदाच ठाण्याला, खोपटच्या दुकानात आणली, वायरिंग नवऱ्याने, म. ने केलं. पण शिळफाट्याच्या ट्रॅफिकला ते कंटाळतात, म्हणून ट्यूनिंगला मीच डोंबिवलीला जाते. त्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन तीन-तीन तास बसलेय. आणि टोचतंय म्हणे.

म. ने विचारलं, काय म्हणतात काका? म्हटलं, काही नाही, वय झालं त्यांचं.

१५ जाने., गुरुवार

डोकं तिथेच अडकलंय. टोचतंय का, तर खालचा आवाज ढिला आहे म्हणून. खालची थाप घट्ट नसली की वरचं सगळं उघडं पडतं. मागच्या वेळीच मला जाणवलेलं. सब ढुम् करतो, पण थापेला टोक नाही. गादीवर बुक्की मारल्यासारखं. म. म्हणाला, "सब चांगला आहे गं, मी ऐकलाय." म्हटलं, तू स्क्रू फिरव, ऐकायचं काम माझं. हल्ली फार पटकन गप्प बसतो.

दुपारी एक गिऱ्हाईक. जेमतेम पंचविशीचा. मी त्याला सांगतेय की तुझ्या गाडीच्या डिकीला बारा इंची जड पडेल, दहा बस होईल, आणि तो माझ्या खांद्यावरून मागे बघतोय. "मॅडम, सरांना बोलवा ना जरा." सर काउंटरखाली वायर सोलत बसलेले. सर म्हणाले, "ट्यूनिंग तीच करते भाऊ, मला त्यातलं कळत नाही." बारा वर्षं हेच चाललंय. बारा वर्षांत या दुकानात माझ्या कानाचा शब्द शेवटचा व्हायला किती जणांशी भांडलेय मी, ते मलाच माहीत. सासूबाई म्हणायच्या, बाईमाणसाने गाडीत डोकं घालून बसायचं म्हणजे काय! त्यांची वर्तकनगरमधली अख्खी कॉलनी नंतर माझ्याकडे गाड्या घेऊन आली.

१८ जाने., रविवार

डोंबिवली. दुकानातून दुसरा सब नेलेला, हाही दहा इंचीच, पण मॅग्नेट दुप्पट जड. पहिला काढला, हा बसवला. घाम निघाला. तरी ढिलाच. थोडा फरक पडला, पण थापेला टोक नाही ते नाहीच.

वर आणखी एक कटकट. डोळे मिटले की गाणारी बाई मध्ये दिसायला हवी, डॅशबोर्डच्या बरोब्बर मधे, तर ती सारखी डावीकडे सरकते. उजवा ट्वीटर दोन डीबी, म्हणजे दोन डेसिबल, वाढवला, तेव्हा कुठे मधे आली. काकांना बसवलं. त्यांनी त्यांचं नेहमीचं गाणं लावलं, डोळे मिटले, मग उघडले. म्हणाले, "ताई, स्पष्ट बोलू का? आधी ही बाई निदान दारात बसलेली होती. आता माझ्या मांडीवर येऊन बसलीय. आणि किंचाळतेय."

काकू गॅलरीतून ओरडल्या, "कोण बसलंय?"

हसायला हवं होतं. पण डोळ्यांत पाणी आलं माझ्या, रागाने. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस मला आवाज शिकवणार!

२३ जाने., शुक्रवार

दोघं कल्याणला गेलेलो, होलसेलवाल्याकडे. सब ढिला वाजतो म्हणजे कधी कधी अँपला, म्हणजे अँप्लिफायरला, सबचा पडदा आवरत नाही. फक्त सबसाठी चांगला मोनो अँप बघायचा होता. शेठने लगेच चकाचक डबा पुढे केला, वर सोनेरी अक्षरं, तीन हजार वॉट. माझ्याकडे न बघता म. ला सांगतोय, "भैया, ये लगाओ, कांच हिल जाएगा." मी डबा उलटा केला. फ्यूज तीस अँपिअरचा. तीस गुणिले गाडीचे चौदा व्होल्ट करा, चारशेवीस वॉट होतात. तेवढी वीज आत जाते आणि तीन हजार बाहेर येतात? मी म्हटलं, शेठ, हे तीन हजार लेबलवरच ठेवा, गाडीत लावू नका. शेठ हसला, "भाभी को सब मालूम है." भाभीला सगळं माहीत आहे तर भाभीकडे बघून बोलायला काय होतं रे तुला?

शेवटी एक जुन्या पद्धतीचा, जाडजूड, वॉट कमी सांगणारा अँप मिळाला. तो आणलाय. आता बघते.

२६ जाने., सोमवार

सुट्टी. म. पोरीला घेऊन झेंडावंदनाला. मी एकटी दुकानात, आमच्या व्हॅनला नवा अँप लावून बसलेली. पप्पांच्या ढोलकीचं जुनं रेकॉर्डिंग लावलं.

ही चार मिनिटं मी कुठल्याही गाण्यापेक्षा जास्त ओळखते. पप्पांच्या गायन पार्टीचं सामान आवरून झालेलं, माइक तसाच चालू होता, आणि पप्पा एकटेच वाजवत बसलेले. गाणं नाही, कोरस नाही. डाव्या पुडीची थाप कशी येते, मग बोट कसं उचललं जातं, तो उचलल्याचा चटका. तो चटका ऐकू आला की सब पास. बारा वर्षं माझी हीच परीक्षा आहे.

आज चटका नाही. ढोलकी ओली झाल्यासारखी. तीन सब बदलून बघितले, दोन अँप. काकांच्या गाडीतून काढलेला, दुकानातला आणखी एक दहा इंची, बारा इंची, सगळे सारखेच मेलेले. पप्पा दुसऱ्या खोलीत बसून वाजवतायत असं वाटलं. लॅपटॉप आपटला मी सीटवर. हल्ली सगळा माल चायनाचा भंगार येतो. कागदाचे पडदे, मॅग्नेटला माती. कुणाला काही पडलेलीच नाही चांगल्या आवाजाची.

२ फेब्रु., सोमवार

काकांचा फोन. आता नवीन. "गाडी जोरात घेतली की बारीक शिट्टी येते हो. इंजिनाबरोबर वर चढते." सब बदलला त्या रविवारी मी तासभर इंजिन चालू ठेवून बसलेले, मला नाही ऐकू आली कुठली शिट्टी! तसं म्हटलं तर ते म्हणाले, "हिलासुद्धा ऐकू येते." म्हणजे काकूंनाही.

म. म्हणाला, "यावेळी मी जातो डोंबिवलीला." मी म्हटलं का? म्हणाला, "तू दमलीयस." मी दमलेली नाही. माझी गाडी आहे ती, मी जुळवणार. "अगं वंदे, एकदा मला ऐकू तर दे." काय ऐकणार तू? ताट उचलून आत गेले. पोरगी टीव्हीचा आवाज कमी करून आमच्याकडे बघत होती.

५ फेब्रु., गुरुवार

पोरगी झोपल्यावर लिहितेय.

वर्तकनगरचा नार्वेकर आलेला, सहा महिन्यांपूर्वीची गाडी. घरात बाळ आलंय, सब जरा कमी करून द्या म्हणाला. आणि वर म्हणाला, "ताई, बाकी काही हलवू नका, एकदम मस्त वाजतेय." बरं वाटलं. प्रत्येक गाडीच्या ट्यूनिंगची फाइल मी गाडीच्या नंबराने ठेवते लॅपटॉपमध्ये. नंबर टाकला. दोन फाइली. एक माझी, संध्याकाळी पावणेसातची. दुसरीत त्याच नंबरापुढे दोनचा आकडा, आठ वाजून दहा मिनिटांची. मी साडेसातला घरी जाते. "तू जा, मी शटर ओढतो." रोज म्हणतो.

दुसरी उघडली. सगळं माझंच होतं, फक्त उजवा ट्वीटर चार डीबीने खाली.

नार्वेकर गेल्यावर सगळ्या उघडल्या. जुलैपासूनची प्रत्येक गाडी. प्रत्येकीला दोन फाइली. कुठे तीन खाली, कुठे चार, एकीला पाच. सगळ्या उजवीकडेच. एकच गाडी दुसऱ्या फाइलीशिवाय आहे. पाटणकर काकांची. कारण ती दुकानात जुळवलेलीच नाही.

म. चहा घेऊन आला तेव्हा स्क्रीन त्याच्याकडे फिरवला. चहा ठेवला त्याने. म्हणाला, "तुला दुखवायचं नव्हतं गं."

सात महिने! सात महिने गिऱ्हाइकं माझे हात हातात घेऊन थँक्यू म्हणतात आणि ते याचं ट्यूनिंग! मी वेड्यासारखी घरी जाऊन पोरीला सांगते, आज अमुक गाडी काय वाजली! आणि हा जेवतो शेजारी बसून, मान हलवतो. मूर्ख बनवलं मला माझ्याच दुकानात. त्या पंचविशीच्या पोराने निदान तोंडावर सांगितलं, सरांना बोलवा.

मी ओरडले, आधी सांगायला तोंड नव्हतं? तो म्हणाला, "सांगितलं होतं. जूनमध्ये दोन गाड्या परत आलेल्या, तेव्हा सांगितलं होतं. तू म्हणालीस, तुझे कान म्हणजे पकोडे आहेत."

हे मी म्हणाले होते. आठवतंय मला. सगळ्यांसमोर म्हणाले होते.

६ फेब्रु.

बोलत नाहीये. डबा दिला. मीठ घालायचं राहिलं भाजीत, राहू दे.

७ फेब्रु., शनिवार

कान तपासून आले. एकटी गेले. काचेची बंद खोली, कानावर हेडफोन, हातात बटण. बीप ऐकू आला की दाबायचं. डावा कान आधी. टकाटक दाबत गेले. मला वाटलं, आहेत की माझे कान शाबूत! मग उजवा. चारपाच दाबले. मग काहीच येईना. मी वाट बघतेय, मशीन बंद पडलं असेल. काचेतून तपासणाऱ्या मुलीकडे बघितलं तर ती बटणं फिरवतेच आहे. म्हणजे आवाज चालू होता.

तिने कागद दाखवला. डाव्याची निळी रेघ बऱ्यापैकी सरळ. उजव्याची लाल रेघ अर्ध्यापर्यंत छान येते आणि मग खाली कोसळते. बारीक, वरचे आवाज गेलेत. जाड आवाज शाबूत. विचारलं, परत येतील? म्हणाली, नाही येणार, आहेत ते सांभाळायचे. मशीन लावता येईल, बोलणं नीट कळेल. गाण्याचं मात्र सांगता येत नाही. कारण विचारलं तर म्हणाली, मोठ्या आवाजात काम केलंय का? मी म्हटलं, आधी आठ वर्षं कॉल सेंटर, हेडसेट उजव्या कानाला. आख्ख्या अमेरिकेच्या शिव्या या एका कानाने खाल्ल्यात. ती हसली. मग विचारलं, आता काय करता? म्हटलं, गाड्यांचा आवाज जुळवते. हसायची थांबली.

रिक्षात बसल्यावर लक्षात आलं. थापेला टोक असतं ते वरच्या आवाजातच. चटका म्हणजे तोच. सब ढिला नव्हता. एकही सब ढिला नव्हता. पप्पा तसेच वाजवतायत, माझ्यापर्यंत पोचत नाहीयेत. खोपट नाक्यावर उतरायचं सोडून तशीच पुढे गेले, रिक्षावाला विचारतोय ताई कुठे, आणि मी ढसाढसा रडतेय.

८ फेब्रु., रविवार

म. ला कागद दाखवला. बघत बसला. "मला एवढं वाटलं नव्हतं गं." मग हात धरायला आला. म्हटलं, हात लावू नकोस. कान गेल्याचा राग नाहीये तुझ्यावर. बाराच्या बारा वर्षं माझ्याशी भांडून दुकान चालवलंस, आणि एवढी एक गोष्ट भांडून सांगता आली नाही तुला? मी कोण आहे, पेशंट? आरडाओरडा केला असतास तर ऐकलं असतं मी.

तो म्हणाला, "नसतं ऐकलंस."

नसतं ऐकलं बहुतेक. तरी करायला हवा होता.

१२ फेब्रु., गुरुवार

डोंबिवली. एकटी. म. ला म्हटलं, तू आलास तर मी जाणार नाही.

आधी सब. जड मॅग्नेटवाला काढला आणि पहिला दहा इंची परत बसवला, जो पहिल्या दिवसापासून बरोबर होता. चार आठवडे नुसता घाम गाळला मी.

मग शिट्टी. इंजिनाबरोबर चढते म्हणजे अर्थिंगमध्ये घोळ, हे कळायला कान लागत नाहीत. अँपची काळी वायर जिथे बॉडीला लावलेली तो बोल्ट उघडला. खाली रंग तसाच! रंग खरवडून उघड्या पत्र्यावर लावायची असते, हे आमच्याकडे येणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकालासुद्धा म. स्वतः सांगतो. माझा कान गेलेला, याचं डोकं कुठे गेलेलं? खरवडला, लावली. काकांना म्हटलं, रेस करा आणि ऐका. त्यांनी केली. "गेली हो!" मी तीनदा विचारलं, नक्की गेली ना? मला ती आलेलीही कळली नव्हती आणि गेलेलीही कळली नाही.

मग ट्वीटर. उजव्या कानात कापूस कोंबला आणि डाव्या कानाने दोन्ही बाजू एकेक करून ऐकल्या. उजवी ऐकायला सीटवर उलटी बसले, तोंड मागच्या काचेकडे, म्हणजे डावा कान उजव्या दाराला. काका बाहेर उभे. "हे काय नवीन तंत्र आहे का, ताई?" मी म्हटलं, हो, नवीन आहे. दोन्ही बाजू सारख्या वाटेपर्यंत उजवी उतरवत गेले. पाच डीबी. मग कापूस काढला, सरळ बसले आणि गाणं लावलं. भयंकर. गाणारी बाई पार डाव्या दारात जाऊन उभी, अर्धं गाणं पुसलेलं. बारा वर्षांत कुणाची गाडी मी इतकी वाईट वाजवलेली नाही. तीच फाइल सेव्ह केली.

काका बसले. डोळे मिटले. ते उघडेचनात. काकू खाली आल्या, त्या मागे बसल्या. दोघं पूर्ण गाणं बसून होते. काका म्हणाले, "आता कसं! समोर बसून गातेय. जिंकलंत तुम्ही."

मला आता बरोबर वाटेल ते सगळ्या जगाला टोचणार, आणि सगळ्या जगाला बरोबर वाटेल ते मला असं भिकार ऐकू येणार. मरेपर्यंत. काकूंनी पोहे दिले. खाल्ले.

१४ फेब्रु., शनिवार

काकांचा मेसेज, लांबलचक, शुद्ध मराठीत. त्यांच्या मित्राने, कुलकर्ण्यांनी, नवी गाडी घेतलीय. "त्यांना सांगितले आहे, यंत्रावर विसंबणारे पुष्कळ आहेत, तुम्ही वंदनाताईंच्या कानांवर विसंबा. बाविसाव्या तारखेला, रविवारी अकरा वाजता ते ठाण्याला येतील."

मी लिहिलं, धन्यवाद काका.

धन्यवाद! सात महिने लपवलं म्हणून नवऱ्याला शिव्या घालते आणि स्वतः दोन दिवसांत तेच करते. पाच मिनिटं पार्किंगमध्ये उभी होते मी, काका समोर होते, सांगता आलं असतं. नवीन तंत्र म्हणाले. लाज वाटत नाही मला.

१७ फेब्रु.

म. म्हणतो, मी ऐकतो, तू ठरव. कुठला सब, कुठली पेटी, कुठला अँप, थाप कुठे बसवायची, हे त्याला सात जन्म जमणार नाही, खरंय. पण गिऱ्हाइकाला काय सांगायचं? तो म्हणतो, "काही सांगायचं कशाला? आवाज चांगला मिळतोय ना त्यांना?" मिळतोय. पण मग परत तेच. माझं नाव आणि त्याचे कान. मी नाही म्हटलं. मग काय सांगायचं ते सांग, म्हणाला. तेही सांगता येईना. ट्यूनिंग करणारी बाई एका कानाने अर्धी बहिरी आहे, हे ऐकून कोण चावी देईल हातात? मीसुद्धा दिली नसती.

पाटीवर नाव माझं आहे. म. नेच घातलेलं, हौसेने.

२१ फेब्रु., शनिवार

दिवसभर धुसफूस. गिऱ्हाइकावर ओरडले, मग माफी मागून बिल कमी केलं, त्याला वाटलं ऑफर चालू आहे.

संध्याकाळी म. पोरीला क्लासवरून आणायला गेलेला, तेवढ्यात काकांना फोन लावला. डाव्या कानाला धरून. म्हटलं, काका, उद्या कुलकर्ण्यांबरोबर तुम्हीही याल का? ट्रॅफिक आहे माहितीये. ते म्हणाले, "मी कशाला? त्यांना पत्ता दिलाय मी." म्हटलं, मला तुम्हाला दोघांना समोर बसवून काहीतरी सांगायचंय, कामाला हात लावायच्या आधी. त्यांनी विचारलं, "गंभीर आहे का काही?" म्हटलं, माझ्यासाठी आहे. त्यानंतर चावी द्यायची की नाही ते कुलकर्ण्यांनी ठरवायचं. म्हणाले, "येतो. अकराला पोचतो."

म. ला यातलं काही सांगितलेलं नाही. उद्या अकराला त्यालाही कळेल, सगळ्यांबरोबर.